साच्यातली मोकळी जागा

मंडळी, ह्या वेळचं लिखाण जरा तांत्रिक आहे. "बाई, तुम्ही आणि तांत्रिक?" असं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी म्हणणार असेल तर खुशाल म्हणा. :) मराठी घेऊन बी.ए. केलं, सगळी नोकरी मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली, आणि आता सत्तरी उलटल्यावर सीएसएस नावाच्या प्रकरणाशी झटापट चालली आहे. ह्या अनुदिनीच्या माथ्यावर उजव्या कोपऱ्यात 'अक्षर मोठं' असा एक दुवा आला आहे, तो कुठून आला, कुणी केला, आम्हालाही करून देता का, असं दोघातिघांनी विचारलं. उत्तर प्रतिसादाच्या चौकटीत मावेना, म्हणून हा प्रपंच.

आधी दोन शब्द सीएसएसबद्दल. महाजालावरच्या पानात मजकूर काय आहे हे एका भाषेत लिहिलेलं असतं, आणि तो दिसावा कसा हे दुसऱ्या. अक्षर केवढं, शाई कोणती, समास किती, ही सगळी दुसरीची कामं. तिचं नाव सीएसएस. आणि साचा म्हणजे ज्यात प्रत्येक नवा लेख ओतला जातो तो सांगाडा. मी लेख लिहिते तेव्हा फक्त मजकूर लिहिते, शीर्षक कुठे बसायचं आणि तारीख कुठे, हे साचा बघतो. मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. तिथली माहितीचौकट हा साचाच. नाव, जन्म, जन्मस्थान अशा जागा भरत गेलं की एकाच साच्यातून शंभर नाटककार निघतात.

ह्या भरायच्या जागांना इंग्रजीत पॅरामीटर म्हणतात. गणिताच्या मराठी पुस्तकांत 'प्राचल' असा शब्द आहे, पण तो उच्चारला की वर्गातली निम्मी मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात. मी माझ्यापुरतं 'मोकळी जागा' म्हणते. जन्मभर 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न काढला, त्यामुळे कल्पना समजायला अडचण पडली नाही. वाक्य ठरलेलं, एक शब्द काढून ठेवलेला, आणि तो दुसऱ्याने भरायचा.

आता ह्या सगळ्याचं मला अचानक काय पडलं, ते सांगते.

माझी थोरली बहीण सांगलीला असते. वय ८३. ही अनुदिनी सुरू झाली तेव्हापासूनची वाचक, आणि सगळ्यात खट. शुद्धलेखनाची चूक सापडली की संध्याकाळी फोन ठरलेला. मला पाटीवर अक्षरं गिरवायला तिनेच शिकवलं, त्यामुळे तो तिचा हक्कच आहे म्हणा. तिच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. डॉक्टर त्याला मॅक्युलर डीजनरेशन म्हणतात. कडेचं दिसतं, मधलं जातं. ताईचे शब्द असे: "ज्या शब्दाकडे बघावं नेमका तोच शब्द पळून जातो गं." अक्षर मोठं असेल तर त्याचा काही भाग त्या धुक्याच्या बाहेर उरतो आणि वाचता येतं.

मग टॅबलेटवर दोन बोटांनी ताणून मोठं करावं की, असं तुम्ही म्हणाल. तिनेही वर्षभर तेच केलं. पण तसं ताणलं की अख्खं पान फुगतं आणि ओळ पडद्याच्या बाहेर जाते. ती वाचायला पान उजवीकडे सरकवायचं, ओळ संपली की परत डावीकडे आणायचं, आणि तोवर आपण कोणत्या ओळीवर होतो तेच विसरायचं. एका लेखाला तिला दीड तास लागला, तेव्हा मी ठरवलं की हे काही खरं नाही. अक्षर वाढलं पाहिजे आणि ओळ मात्र पडद्याच्या आतच मोडली पाहिजे. कागदावर हे अशक्य, पण पडद्यावर शक्य आहे, आणि शक्य असून होत नव्हतं म्हणून राग.

माझा तेव्हाचा साचा कुणीतरी फुकट वाटलेला होता, अर्थातच इंग्रजी मजकूर डोळ्यासमोर ठेवून केलेला. त्यात अक्षराचा आकार मी मोजला तर ३१ ठिकाणी वेगवेगळा लिहिलेला. शीर्षकाला एक, तारखेला दुसरा, प्रतिसादांना तिसरा. एक बदलला तर बाकीचे ३० जागच्या जागी ढिम्म. बरं, ओळीची उंचीही पिक्सेलमध्ये ठोकून बसवलेली, २० म्हणजे २०. अक्षर ३० केलं तरी ओळ २०च! वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत जाऊन अडकला.

इथे आपल्या लिपीबद्दल थोडं बोलायला हवं. देवनागरीला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, पायमोडकी जोडाक्षरं. 'दुर्दैवी' हा एकच शब्द घ्या, दोन्ही मजल्यांवर वस्ती आहे. ही वरची-खालची जागा राखायची तर मधलं मूळ अक्षर लहान करावं लागतं. म्हणून एकाच आकड्यात इंग्रजी मजकूर ऐसपैस दिसतो आणि मराठी बारीक. न्याहाळकांचा नेहमीचा आकार १६ पिक्सेल असतो, इंग्रजीला तो पुरतो, आपल्याला तोकडा पडतो. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल हा टंक केला, तो विंडोज २००० बरोबर घरोघरी आला आणि आमच्या पिढीने महाजालावरचं पहिलं मराठी त्यातच वाचलं. त्यातही हीच कसरत दिसते, वर-खाली भरपूर मोकळं ठेवलेलं. शिवाय त्या साच्यात शीर्षकाच्या अक्षरांमध्ये फट पाडलेली होती. इंग्रजीत ते रुबाबदार दिसत असेल, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

तर माझा गुरू म्हणजे ताईचाच नातू. ऐरोलीला एका कंपनीत वेबची पानं घडवणारा प्रोग्रॅमर आहे, रविवारी आमच्याकडे नेरुळला जेवायला येतो. आमटी-भाताच्या मोबदल्यात शिकवणी, असा सौदा ठरला.

पहिल्या रविवारी त्याने मला ब्लॉगरच्या साच्याचं पोट उघडून दाखवलं. ब्लॉगरने २००६ मध्ये जी नवी साचापद्धत आणली तिच्यात सीएसएसच्या आतच मोकळ्या जागा ठेवण्याची सोय आहे. वरती एक यादी करायची. प्रत्येक जागेला नाव, वर्णन, प्रकार (रंग आहे, टंक आहे की लांबी), आणि मग दोन किमती, एक 'डिफॉल्ट' आणि एक 'व्हॅल्यू'. खाली जिथे जिथे तो रंग हवा तिथे रंग न लिहिता डॉलरचं चिन्ह काढून त्या जागेचं नाव लिहायचं. वर एकदा बदललं की खाली सगळीकडे बदलतं. मला त्या दोन किमती फार आवडल्या. तुम्ही व्हॅल्यू कितीही वेळा बदला, मुळात काय होतं ते शेजारी तसंच लिहिलेलं राहतं. पुसलं जात नाही. हजेरीपत्रकात खाडाखोड न करता वर दुरुस्ती लिहायची आमची पद्धत होती, तसंच.

ताईला फोनवर हे समजावून सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सोऱ्याच की! नळकांडं तेच, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली." मी अर्धा तास बोलत होते, तिने एका वाक्यात आटोपलं.

पण ह्यात एक मेख होती. ब्लॉगरच्या यादीतली जागा पान वाचकाकडे निघण्यापूर्वीच भरली जाते, छापखान्यात भरावी तशी. छापलेली प्रत सगळ्यांना सारखीच. ताईसाठी ३० केलं की पुण्यात मोबाइलवर वाचणाऱ्या माझ्या दिरांनाही ३०च, आणि त्यांच्या ओळीत जेमतेम चार शब्द. ताईचं भलं करायला गेले आणि बाकीच्यांची गैरसोय, असं नको होतं. जागा छापखान्यात न भरता वाचकाच्या हातात गेल्यावर भरली जायला हवी.

पुढच्या रविवारी तेही सापडलं. आता सीएसएसलाच अशा मोकळ्या जागा ठेवता येतात, साच्याची मध्यस्थी लागत नाही. किंमत वाचकाच्या न्याहाळकात ठरते, आणि पान उघडं असतानाही बदलता येते. मी सहज विचारलं, "ही एवढी साधी सोय पहिल्यापासून का नव्हती?" त्यावर तो हसला, म्हणाला, "मावशीआजी, ह्यावरून भांडणं झाली आहेत."

ती गोष्ट मग मी जरा शोधून वाचली, इतिहास शिकवल्याची सवय. १० ऑक्टोबर १९९४ ला हाकॉन व्हियुम ली ह्या नॉर्वेच्या माणसाने, तेव्हा तो स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत होता, सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला. त्या प्रस्तावातली एक गंमत बघा. अक्षराचा आकार लिहिला की त्याच्यापुढे एक टक्का लिहायची सोय होती. लेखकाचा आग्रह किती टक्के आणि वाचकाची इच्छा किती टक्के, हे मांडून दोघांत तडजोड काढायची कल्पना! हे टक्के पुढे टिकले नाहीत. १७ डिसेंबर १९९६ ला सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती आली, तिच्यात ते नव्हते. पण मूळ विचार मात्र कागदावर आहे, की पान कसं दिसावं ह्यात वाचणाऱ्यालाही मत असतं. मला तर ते वाचून ताईची बाजू मांडणारा वकील भेटल्यासारखं झालं.

मोकळ्या जागांची मागणी पुढे अनेक वर्षं होत राहिली. लीबरोबर सीएसएस घडवणारे बर्ट बॉस त्याच्या विरोधात होते. व्हेरिएबल घातक आहेत असं त्यांनी चक्क एक टिपण लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही भाषा प्रोग्रॅमर नसलेल्या साध्या माणसालाही दुसऱ्याचं पान उघडून वाचता आली पाहिजे. आकडा जागेवर असला की कळतो. त्याच्या जागी एक नाव दिसलं की ते नाव कुठे ठरलं हे हुडकत बसावं लागतं. मला हा मुद्दा मुळीच टाकाऊ वाटत नाही. मी स्वतः तीच साधी व्यक्ती आहे. पण ३१ ठिकाणी ३१ आकडे वाचायलाही मीच बसले होते, त्यामुळे माझं मत बॉससाहेबांच्या विरुद्ध. :) अखेर २०१४ मध्ये फायरफॉक्सने आणि २०१६ मध्ये क्रोमने ही सोय दिली.

आता माझ्या आवडीचा भाग. ह्या जागांना नावं मराठीत देता येतात! देवनागरीत, जोडाक्षरांसकट. सुरुवातीला दोन आडव्या रेघा काढायच्या, पुढे काहीही. मी पहिल्या जागेचं नाव 'अक्षर' ठेवलं. नातू म्हणाला, आमच्या ऑफिसात असं कुणी करत नाही. म्हटलं, तुमच्या ऑफिसात मी कुठे येते? आकडा मात्र इंग्रजीच लागतो. मी मुद्दाम १८ देवनागरीत लिहून पाहिले, तर न्याहाळक तक्रार करत नाही की काही नाही, मुकाट्याने ती ओळ सोडून पुढे जातो. न समजलेलं सोडून द्यायचं हा सीएसएसचा स्वभावच आहे. आणि जागा मोकळीच राहिली तर काय वापरायचं तेही शेजारी स्वल्पविराम देऊन लिहून ठेवता येतं.

मग प्रश्न आला जागा किती ठेवायच्या. आमचा खरा वाद इथे झाला. नातवाने उत्साहात चोवीस काढल्या. शीर्षकाचा रंग, उपशीर्षकाचा रंग, चौकटीचा गोलावा, सावली, समास चारही बाजूंचे. मी म्हटलं, अरे, वाक्यातला एक शब्द गाळला तर तो प्रश्न होतो, सगळेच गाळले तर कोरा कागद. प्रत्येक मोकळी जागा म्हणजे कुणावर तरी टाकलेला एक निर्णय. ताईने तिच्या वयात चौकटीचा गोलावा ठरवत बसायचं का? शेवटी तीनवर तडजोड झाली. अक्षर, शाई, कागद. अक्षराचा आकार आणि दोन रंग, कारण फिकट करड्या शाईतला मजकूर ताईला अजिबात दिसत नाही.

बाकीचं सगळं ह्या तिघांवरून मोजायचं किंवा कायमचं ठरवून टाकायचं. शीर्षक अक्षराच्या दीडपट. तारीख अक्षराएवढीच, कारण लहान केलेली तारीख म्हणजे ताईसाठी नसलेली तारीख. ओळीची उंची पिक्सेलमध्ये नाही, तर नुसती १.७ पट, म्हणजे अक्षर वाढेल तशी तीही वाढते आणि उकार-वेलांटीची मारामारी थांबते. अक्षरांमधली फट शून्य, ती कुणालाही बदलता येणार नाही, शिरोरेषा हा काही आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. उजवीकडची दुव्यांची पट्टीही अक्षराच्या हिशोबात रुंद ठेवली. अक्षर वाढून जागा अपुरी पडली की ती आपोआप मजकुराच्या खाली जाऊन बसते.

एक अडचण शिल्लक होती. सीएसएसमध्ये वरची आज्ञा खाली झिरपत जाते. ते सोयीचं आहे, पण मजकुराचं अक्षर वाढवलं की प्रतिसादांच्या चौकटीतलं बटणही फुगायला लागलं, आणि बटणावरचे शब्द बाहेर. ह्यावर नातवाने त्याच्या कामातली पद्धत सांगितली. ते गो नावाच्या भाषेत काम करतात आणि तिच्याबरोबर टेंपल नावाची साच्यांची भाषा वापरतात. तिथे सीएसएसचा एक छोटा तुकडा स्वतंत्र लिहितात आणि त्याला मोकळी जागा देतात, उदाहरणार्थ 'रुंदी किती टक्के'. ५० दिले की ती भाषा ५० टक्क्यांचा तुकडा करते आणि त्याला एक वेगळंच नाव चिकटवते, मजकुरावरून काढलेलं, दुसऱ्या कशाशी जुळणार नाही असं. ८० दिले की दुसरा तुकडा, दुसरं नाव. त्यामुळे एकाचा बदल दुसऱ्यात झिरपत नाही. आणि भरलेली किंमत धोक्याची वाटली तर ती गाळूनही टाकते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज उभं राहिलं. माझी एक सहकारी तिथे राहायची. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते ८६ मध्ये बांधलेली ती घरं. सात घरं आणि मध्ये ८ मीटर बाय ८ मीटरचं अंगण, असे तीन गट मिळून मोठं अंगण. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे फार फरक नाही. पण महत्त्वाचं हे, की शेजाऱ्यांची भिंत सामाईक नाही. प्रत्येकाच्या भिंती प्रत्येकाच्या. मुलाचं लग्न ठरलं, वर एक खोली चढवायची आहे, तर शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता चढवता येते. आज तिथे मूळचं कौलारू घर हुडकून काढावं लागतं, बहुतेकांनी पाडून स्लॅबची घरं बांधली. पण अंगणं आहेत. मोकळी जागा कुठली आणि पक्की कुठली हे नकाशा काढतानाच ठरलेलं असलं की माणसं आत काय वाटेल ते करोत, वस्ती मोडत नाही. बटणाला आम्ही अशाच स्वतःच्या भिंती घालून दिल्या.

आता 'अक्षर मोठं' वर टिचकी मारली की आकडा दोनाने वाढतो, आणि ज्याच्या त्याच्या यंत्रात लक्षात राहतो. काहीच न करणाऱ्याला १८. दिरांना कळलंही नाही की काही बदललं आहे, आणि तेच अपेक्षित होतं. ज्यांना हवं आहे त्यांना साच्याची प्रत पाठवीन, निरोप ठेवा.

ताईला टिचकी मारायची जागा नीट दिसत नाही, म्हणून तिच्यासाठीच्या दुव्याच्या शेवटी मी आकडा लिहून पाठवते. पान तो उचलतं आणि 'अक्षर' च्या जागी ठेवतं. ह्या दुव्यांचे जुने निरोप फोनवर परवा सहज वर सरकवत गेले. पहिला २४ चा आहे. त्या पावसाळ्यात २८. दिवाळीला ३०. मग बरेच महिने ३०च, तेव्हा मला वाटलं होतं की थांबलं. मग ३६. आता ४४. सांगलीच्या डॉक्टरांच्या फायलीत काय लिहिलं असेल ते असो, माझ्याकडे ही नोंद आहे. ४४ ला तिच्या टॅबलेटवर ओळीत पाचेक शब्द बसतात. लेख वाचायला तिला पाऊण तास लागतो, पण पान डावी-उजवीकडे सरकवावं लागत नाही, आणि शुद्धलेखनाचे फोन पुन्हा सुरू झाले आहेत.

लेख ऐकायची सोय करून देऊ का, असं विचारलं होतं. "ऐकायला रेडिओ आहे," म्हणाली. "ऱ्हस्व-दीर्घ ऐकून कसं कळणार?"

कुणी दुव्यात भलता आकडा घातला तर पान विस्कटू नये म्हणून नातवाने कुंपण घातलं आहे. १४ च्या खाली नाही, ४८ च्या वर नाही. गेल्या रविवारी त्याने ताट बाजूला सारून विचारलं, ४८ चं काय करायचं. त्याची आजीच आहे, त्यामुळे कशासाठी विचारतोय हे दोघांनाही माहीत होतं. ९६ लिही म्हटलं. त्याने लिहिलं, मी दोन-तीन पानं उघडून पाहिली, ओळीत दोन शब्द बसतात, कधी एकच. पण ओळ पडद्यातच मोडते आणि उकार कापला जात नाही.

ताई, हा लेख कोणत्या आकड्यावर वाचलास ते कळव. आणि 'न्याहाळक' बरोबर आहे, ब्राउझरला आम्ही तोच शब्द वापरतो, त्यासाठी फोन करू नकोस. :)